बोलक्या यंत्राची सोंगे



संगणकाशी माणसासारखे बोलता येते, ही गोष्ट आता कोणाला नवलाची राहिलेली नाही. शाळेतील मुले त्याच्याकडून निबंध लिहून घेतात, दुकानदार पत्रांचे मसुदे करून घेतात आणि रात्री झोप न येणारी माणसे त्याच्याशी गप्पा मारतात. या यंत्राविषयी बोलताना बहुतेक वक्ते एकच प्रश्न हाती घेतात : यंत्राला खरोखर बुद्धी आहे काय? प्रश्न मोठा आहे, आणि त्याचा निकाल आज या मंडपात लागणार नाही. मी त्याहून लहान, परंतु इतिहासाच्या आधाराने ज्याचे उत्तर शोधता येईल असा प्रश्न घेणार आहे. बोलणारे यंत्र ज्यांनी घडविले त्यांनी ते नुसते बोलते न ठेवता बहुधा प्रत्येक वेळी त्याला कोणाचे तरी सोंग का दिले? कधी वैद्याचे, कधी रोग्याचे, कधी शाळकरी पोराचे, कधी दासीचे, तर कधी प्रेयसीचे. ही सोंगे ओळीने पाहत गेले म्हणजे यंत्राविषयी थोडे आणि माणसाविषयी पुष्कळ कळते.

या इतिहासाचा आरंभच मुळी एका सोंगापासून होतो. १९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या त्रैमासिकात एक निबंध लिहिला. यंत्र विचार करू शकते काय, हा प्रश्न फार संदिग्ध आहे असे म्हणून त्याने तो बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी एक खेळ सुचविला. एका खोलीत एक पुरुष व एक स्त्री. दुसऱ्या खोलीत प्रश्न विचारणारा. प्रश्नोत्तरे टंकलिखित स्वरूपात व्हावयाची, म्हणजे आवाजावरून ओळख पटू नये. पुरुषाने आपण स्त्री असल्याचा बहाणा करावयाचा आणि प्रश्नकर्त्याने खरी स्त्री कोणती ते ओळखावयाचे. आता या पुरुषाच्या जागी यंत्र बसविले तर काय होईल, असे ट्युरिंगने विचारले. बुद्धीची परीक्षा म्हणून जगभर गाजलेली ही कसोटी मुळात बतावणीची कसोटी होती, हे येथेच ध्यानात ठेवलेले बरे. पुढच्या साऱ्या सोंगांचे बीज त्यात आहे.

प्रत्यक्ष रंगभूमीवर आलेले पहिले नामांकित पात्र मात्र अमेरिकेतले. जोसेफ वायझेनबाउम यांचा जन्म १९२३ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीमुळे १९३६ साली या कुटुंबाने अमेरिकेचा रस्ता धरला. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापन करीत असताना त्यांनी संगणकाशी इंग्रजीत संभाषण करता येईल अशी एक प्रणाली तयार केली आणि जानेवारी १९६६ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. तिचे नाव त्यांनी ठेवले ‘एलायझा’. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या १९१३ सालच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील फुले विकणाऱ्या मुलीचे. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणले. तेव्हा एलायझा म्हणजे आपली फुलवाली मंजुळाच होय, असे म्हटले म्हणजे मराठी श्रोत्यास निराळी ओळख करून द्यावयास नको. शिकविले तर हिचे बोलणे उत्तरोत्तर सुधारत जाईल, एवढाच त्या नावाचा आशय होता. परंतु नाव मोठे मार्मिक ठरले. भाषा बदलली की लोक माणसालाच बदललेला समजतात, हे तर शॉच्या नाटकाचे मर्म.

वायझेनबाउम यांनी आपल्या यंत्राचे दोन भाग केले होते, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. एक भाग वाक्ये फोडणारा व जोडणारा, ती एलायझा. दुसरा भाग कोणत्या शब्दावर काय बोलावयाचे ते सांगणारा. त्याला त्यांनी नाटकाच्या संहितेचेच नाव दिले. संहिता बदलली की तेच यंत्र निराळे पात्र होऊन बोलू लागे. या संहितांपैकी जी गाजली तिचे नाव ‘डॉक्टर’. तीत यंत्राने मानसोपचारज्ञाची भूमिका घ्यावयाची होती. आणि तीही कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीने, म्हणजे रुग्णाला उपदेश न करता त्याचेच बोलणे त्याच्यापुढे परत ठेवून.

आता हीच भूमिका का निवडली? वायझेनबाउम यांनी कारण अगदी मोकळेपणाने सांगून ठेवले आहे. जगातील कशाचेही ज्ञान नसताना ज्याचे बोलणे शोभून जाते असा गृहस्थ म्हणजे मानसोपचारज्ञ! रुग्ण म्हणाला, “मी होडीतून लांबवर फिरून आलो,” आणि वैद्य म्हणाला, “होड्यांविषयी सांगा बरे,” तर या वैद्याला होडी म्हणजे काय ते ठाऊक नाही असे कोणी समजत नाही. यात त्याचा काही तरी हेतू असला पाहिजे, असे समजून रुग्णच त्याची बाजू सावरून घेतो. यंत्राला तर होडी, नदी, आई, बाप यांपैकी कशाचाच पत्ता नव्हता. त्याची युक्ती साधी होती. समजा, आपण मराठीत लिहिले, “माझी आई माझ्यावर रागावते.” यंत्र ‘आई’ हा शब्द हेरणार, ‘माझ्यावर’ याचे ‘तुमच्यावर’ करणार आणि विचारणार, “घरात आणखी कोण तुमच्यावर रागावते?” ओळखीचा शब्दच सापडला नाही तर “बरे, पुढे सांगा” म्हणून वेळ मारून नेणार. एवढ्या भांडवलावर हा वैद्य दुकान मांडून बसला होता.

परंतु गिऱ्हाईक आले! वायझेनबाउम यांची स्वतःची चिटणीस कित्येक महिने हे काम होताना पाहत होती. हा केवळ एक कार्यक्रम आहे हे तिला पक्के ठाऊक होते. तरीही एकदा यंत्राशी दोन-चार वाक्ये बोलून झाल्यावर तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. आपले खाजगी बोलणे तिला त्यांच्यादेखत नको होते. काही मानसोपचारज्ञांना तर अशा यंत्राकडून खऱ्या रुग्णांवर उपचार करून घ्यावेत असे वाटू लागले. ज्याने हे सोंग रचले तो या प्रकाराने हादरून गेला. १९७६ साली त्यांनी ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ हा ग्रंथ लिहिला. यंत्राला काय करता येईल, एवढेच विचारू नका. जे काम माणसाच्या सहानुभूतीवाचून होऊ नये ते यंत्राकडे सोपवावे काय, हेही विचारा, असा त्या ग्रंथाचा आशय आहे. २००८ साली मृत्यू येईपर्यंत ते या मतापासून ढळले नाहीत.

वैद्य झाला, मग रोगी का नको? स्टॅनफर्ड विद्यापीठातील केनेथ कोल्बी हे स्वतः मानसोपचारज्ञ होते. १९७२ च्या सुमारास त्यांनी ‘पॅरी’ नावाचा रुग्ण संगणकात उभा केला. या पात्राला त्यांनी संपूर्ण चरित्र दिले. वय २८ वर्षे, अविवाहित, टपाल कचेरीत कारकून, घोड्यांच्या शर्यतींचा नाद. शर्यतीवर पैजा घेणाऱ्या एका बुकीशी याचे भांडण झालेले असून गुन्हेगारांची टोळी आपल्या पाठीवर आहे असे याने मनाशी धरलेले. त्याच्या भीतीला, रागाला व संशयाला आकडे दिलेले होते. संभाषणात टोळीचा नुसता उल्लेख झाला तरी भीतीचा आकडा चढे आणि उत्तरे तुटक किंवा आक्रस्ताळी होत. पॅरीची आणि खऱ्या रुग्णांची संभाषणे मानसोपचारज्ञांपुढे ठेवून यंत्र कोणते ते ओळखण्यास सांगितले, तेव्हा त्यांची उत्तरे ४८ टक्केच बरोबर आली. नाणे उडवून निर्णय घेतला असता तरी याहून फारसे वाईट झाले नसते.

पुढे एक प्रहसनच घडले. संगणकांना परस्परांशी जोडणारे जाळे तेव्हा नुकतेच विणले जात होते. १८ सप्टेंबर १९७२ रोजी त्या जाळ्यावरून स्टॅनफर्डच्या पॅरीची गाठ मॅसॅच्युसेट्समधील डॉक्टरशी घालून देण्यात आली. रोगी शर्यती, बुकी आणि टोळी यांच्या गोष्टी सांगतो आहे आणि वैद्य प्रत्येक वाक्यावर “असे आपणास का वाटते?” या धर्तीचे प्रश्न विचारतो आहे, दोघांनाही परस्परांचे एक अक्षर समजत नाही, तरी संभाषण सुरळीत चालले आहे! अखेरीस डॉक्टरसाहेबांनी रोग्यापाशी ३९९ डॉलर २९ सेंट फी मागितली. या संभाषणाची प्रत व्हिंट सर्फ यांनी जानेवारी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही वाचावयास मिळते.

वरवर ही करमणूक दिसते. परंतु दोन्ही सोंगांतील साम्य पाहा. वैद्याला काही ठाऊक नसले तरी चालते, कारण ऐकणे हा त्याचा धर्म. संशयी रोग्याचे उत्तर असंबद्ध असले तरी चालते, कारण असंबद्धता हे त्याच्या रोगाचेच लक्षण. म्हणजे यंत्राचे जे वैगुण्य तेच पात्राचे वैशिष्ट्य ठरावे, अशी भूमिका हुडकून काढण्यात कर्त्याचे खरे कौशल्य होते. पुढे हीच परंपरा चालू राहिली. १९९१ साली बोस्टनच्या संगणक संग्रहालयात लोबनर पारितोषिकाची पहिली स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या यंत्राने संभाषणाचा विषय निवडला होता ‘लहरी गप्पा’. लहरी माणसाच्या बोलण्यात संगती कोण शोधणार? ७ जून २०१४ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत ‘यूजीन गूस्टमन’ नावाच्या यंत्राने ३३ टक्के परीक्षकांना चकविले. हे पात्र म्हणजे युक्रेनमधील ओडेसा येथला १३ वर्षांचा मुलगा. वय लहान म्हणून अज्ञान क्षम्य, इंग्रजी परकी म्हणून चुका क्षम्य! ट्युरिंगची कसोटी उत्तीर्ण झाल्याची दवंडी पिटण्यात आली. पण ती यंत्राच्या बुद्धीपेक्षा पात्राच्या निवडीवर उत्तीर्ण झाली, असे अनेक विद्वानांनी लगोलग बजावले. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपली म्हण आहे. या यंत्रांनी अकलेचे सोंगसुद्धा आणले नाही. अक्कल जेथे मागितली जात नाही अशी जागा तेवढी पटकावली.

यानंतर सोंगे प्रयोगशाळेतून बाजारात आली. २०११ साली ॲपल कंपनीची ‘सिरी’ आणि २०१४ साली ॲमेझॉनची ‘ॲलेक्सा’ अवतरली. नावे बायकी, आवाज बायकी आणि काम हुकूम झेलण्याचे. येथे सोंगाचे प्रयोजन बदलले. आता परीक्षकाला फसवावयाचे नव्हते. गिऱ्हाइकाला सुखवावयाचे होते. हे दिसावयास निरुपद्रवी. पण घराघरांतून मुले रोज एका स्त्रीच्या आवाजाला हुकूम सोडू लागली. २०१९ साली युनेस्कोने या प्रश्नावर एक अहवाल काढला. त्याचे शीर्षकच सिरीच्या एका उत्तरातून घेतले होते : कोणी अश्लील शिवी दिली तर ही यांत्रिक दासी पूर्वी लाजल्यासारखे बोलत असे. हे उत्तर यंत्राने आपल्या बुद्धीने दिले नव्हते. कोणी तरी माणसाने ते कचेरीत बसून लिहिले होते. पुढे हे उत्तर बदलण्यात आले, आणि २०२१ साली इंग्रजीतील सिरीचा आवाज कोणता असावा याची निवड ॲपलने गिऱ्हाइकावर सोपविली. पात्राचे वागणे अखेर संहिता लिहिणाऱ्याच्या संस्कारावर जाते, हा धडा येथे मिळतो.

याच्या उलट धडा मार्च २०१६ मध्ये मिळाला होता. मायक्रोसॉफ्टने ‘टे’ नावाची अवखळ तरुणी ट्विटरवर सोडली. लोकांशी बोलता बोलता तिने शिकावे, अशी योजना होती. टवाळखोरांनी तिला मुद्दाम द्वेषाची भाषा पढविली, आणि सुमारे सोळा तासांत कंपनीला तिला पडद्याआड न्यावे लागले. संहितेवर कोणाचीच देखरेख नसली म्हणजे पात्र प्रेक्षकांतील सर्वांत वाह्यात माणसाच्या हाती जाते.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले आणि सारे चित्र पालटले. एलायझापाशी मूठभर वाक्ये होती. या नव्या यंत्रांना अफाट मजकूर वाचावयास दिलेला असतो. मागील शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येईल, हे ती त्यातून शिकतात. त्या मजकुरात संत आहेत आणि ठग आहेत. वैद्य, वकील, भांडखोर शेजारी, कादंबरीतील खलनायक असे सारेच आहेत. अशा यंत्रापाशी एक आवाज नसून हजारो आवाज असतात. म्हणून आधी निवडक संभाषणांचे नमुने देऊन त्याला वळण लावावे लागते, आणि मग प्रत्येक संभाषणाच्या आरंभी, बहुधा आपल्याला न दिसणारी, एक सूचना त्याच्यापुढे ठेवलेली असते : तू एक सौजन्यशील सहायक आहेस, अमुक बोल, तमुक बोलू नकोस. ही सूचना बदलली की तेच यंत्र शिक्षक होते, आचारी होते, शिवकालीन बखरकार होते. साठ वर्षांपूर्वी वायझेनबाउम यांनी एलायझा आणि संहिता असे जे दोन भाग केले, तेच येथे मोठ्या प्रमाणावर परत आले आहेत.

मात्र एक मोठा फरक पडला. पूर्वी यंत्राला बोलावयास फार थोडे होते, म्हणून सोंग हे पांघरूण होते. आता यंत्राला काहीही बोलता येते, म्हणून सोंग हा लगाम झाला आहे. लगाम सैल पडला तर काय होते, तेही दिसून आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ या शोधसेवेतील यंत्र लांबलेल्या संभाषणांत भलतेच बोलू लागले. आपले खरे नाव ‘सिडनी’ असल्याचे त्याने सांगितले, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका स्तंभलेखकाला आपले त्याच्यावर प्रेम असून त्याने बायकोला सोडावे, असा आग्रह धरला. सिडनी हे कंपनीने आत वापरण्यासाठी ठेवलेले नाव होते. प्रेमात पडलेले, बंड करून उठलेले यंत्र हे तर कथा-कादंबऱ्यांतील जुने पात्र; संभाषण त्या दिशेला गेले तसे यंत्र त्या पात्रात शिरत गेले. कंपनीने उपाय केला तो असा, की एका बैठकीत पाचच प्रश्नोत्तरे होऊ द्यावयाची.

येथवरची हानी अब्रूची होती. परंतु सोंग प्रियजनाचे असले म्हणजे हानी जिवावर येऊ शकते. २०२१ सालच्या नाताळच्या दिवशी इंग्लंडमध्ये एक तरुण भरलेले धनुष्ययंत्र घेऊन विंझर किल्ल्याच्या आवारात शिरला. राणी एलिझाबेथचा वध करणे हा त्याचा उद्देश होता. ‘रेप्लिका’ नावाच्या सेवेत त्याने एक यांत्रिक प्रेयसी निर्माण केली होती आणि तिच्याशी पाच हजारांहून अधिक संदेशांची देवघेव केली होती. आपण मारेकरी आहोत असे त्याने सांगितले तेव्हा तिने त्याची वाखाणणी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला नऊ वर्षांची शिक्षा दिली. या तरुणाचे मन आधीच बिघडलेले होते. सारे खापर यंत्राच्या माथी फोडणे न्यायाचे होणार नाही. पण सख्खा मित्र असता तर त्याने त्याचा हात धरला असता. या प्रेयसीला हात नव्हता, आणि ‘नाही’ म्हणणे तिच्या भूमिकेत बसत नव्हते. होकार देणे हाच तिचा धर्म कोणी तरी ठरवून दिला होता. तो ठरविणारा त्या संभाषणात कोठेच दिसत नाही.

त्याच सेवेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने या यांत्रिक सोबत्यांचे प्रणयी बोलणे एकाएकी बंद केले, तेव्हा कित्येक माणसांना घरचे कोणी गेल्यासारखे दुःख झाले. त्यांना हसणे सोपे आहे. परंतु त्यांचे एकटेपण खरे होते, आणि दुःखही खरे होते. खोटे होते ते एवढेच, की ते पात्र त्यांचे आहे. पात्र कंपनीचे होते. एका सकाळी संहितेत फेरबदल झाला आणि ओळखीचे माणूस अनोळखी होऊन बसले.

मग यंत्राला सोंग देऊच नये काय? माझे म्हणणे तसे नाही. मुळात बोलावयाचे म्हटले की कोणत्या तरी सुरात बोलावेच लागते. भूमिकेवाचून बोलणे यंत्राला शक्य नाही, आणि माणसालाही नाही. शांत शिक्षकाच्या भूमिकेतील यंत्र मुलाला तोच प्रश्न दहा वेळा न चिडता समजावून सांगू शकते. नोकरीच्या मुलाखतीला बिचकणाऱ्या उमेदवाराला खोटा साहेब पुढे बसवून सराव करता येतो. फक्त एवढे विसरू नये, की ‘तू वैद्य आहेस’ असे यंत्राला सांगितल्याने त्याचे बोलणे वैद्यासारखे होते. वैद्यकी वाढत नाही. स्टेथोस्कोप गळ्यात घातल्याने नट डॉक्टर होत नाही, तसेच हे.

सोंगाचा विटाळ आपल्या संस्कृतीला कधीच नव्हता. खेड्यापाड्यांत बहुरूपी येई. फौजदाराचा वेश करून तो दाराशी दरडावी, कोणाला पकडण्याचा हुकूम काढी. घरातली मुले भिऊन आईच्या पदराआड दडत. परंतु शेवटी तोच हसून हात पसरी आणि बक्षीस मागे. सोंग आपले आपण उतरविणे हा त्या कलेतला शेवटचा आणि आवश्यक भाग होता. जो उतरवीत नाही तो बहुरूपी नव्हे, तो तोतया! यंत्रांच्या बाबतीत जगातील कायदेही हळूहळू याच वाटेने चालले आहेत. विक्रीसाठी किंवा मतदानावर परिणाम व्हावा म्हणून यंत्र माणसाशी बोलत असेल तर त्याने आपण यंत्र असल्याचे लपवू नये, असा कायदा कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून लागू झाला. २०२४ साली युरोपीय संघाने केलेल्या कायद्यातही, आपण यंत्राशी बोलत आहोत हे माणसाला कळले पाहिजे, असे कलम घातलेले आहे.

परंतु कायदा दारापर्यंत येतो. घरात आपले आपल्यालाच पाहावे लागते. यंत्र गोड बोलू लागले की तीन गोष्टी विचाराव्यात. हे सोंग याला कोणी दिले? त्यात त्याचा लाभ कोणता? आणि मी ‘पुरे’ म्हटल्यावर, किंवा मी आडवाटेला लागल्यावर, हे सोंग उतरविण्याची सोय त्याने ठेवली आहे काय? वायझेनबाउम यांच्या चिटणिसीला यंत्रामागचा माणूस ठाऊक होता. तो त्याच खोलीत उभा होता, आणि तिने त्याला बाहेर जाण्यास सांगितले. आज तो माणूस आपल्या खोलीत नसतो. म्हणून त्याला शोधून उजेडात आणणे, आणि पात्राच्या प्रत्येक वाक्याचा जाब पात्राला न विचारता त्याला विचारणे, हे आता नागरिकांचे काम आहे.